गाडीचा उंबरा

आमच्या वडिलांनी ती गाडी टिपरच्या मागे बांधून ओढून आणली आणि खाली उतरल्या उतरल्या तिच्यात पाणी घालायची जागा शोधायला लागले. जन्मभर खाणीचा टिपर चालवलेला माणूस. सकाळी रेडिएटरमध्ये कळशी ओतल्याशिवाय त्यांच्या घशाखाली चहा उतरत नसे. त्यांनी गाडीचं पुढचं टोक चाचपलं, तर तिथे इंजिनच नव्हतं. मागचं झाकण उघडलं. इंजिन होतं, उंदरांनी त्यात काथ्याचं घरटंही केलं होतं, पण पाण्याला तोंड कुठेच नव्हतं.

शेजारी जमलेच होते. डिचोलीच्या आमच्या वाड्यावर गंमत बघायला कुणाला बोलवावं लागत नसे.

"गोऱ्यान रेडिएटर काडून विकलो आसतलो," एकाने सांगून टाकलं. "पितळेचो न्हय तो!"

"आनी इंजिन फाटीं कित्याक?" दुसऱ्याने विचारलं.

"गोऱ्यांचें सगळेंच उरफाटें."

वडील कळशी घेऊन तसेच उभे. ही गाडी वाऱ्याने थंड होते, तिला पाणी लागत नाही, असं पुढे म्हापशाच्या एका गॅरेजवाल्याने सांगितलं, तेव्हा त्यांनी मान डोलावली. पण ते त्यांना मनापासून कधी पटलं नाही.

गाडी जर्मन बनावटीची, पावाच्या डब्यासारखी, आणि आत राहायची सोय असलेली. त्या काळात हरमलच्या किनाऱ्यावर अशा गाड्या दिसत. गोरी पोरं त्या थेट आपल्या देशातून रस्त्याने चालवत आणायची, माडांखाली लावून त्यांतच राहायची आणि हौस फिटली की गाडी कुणाला तरी देऊन विमानाने परत जायची. आमची गाडी अशीच एका माडांच्या मालकाच्या गळ्यात पडलेली. वडील त्याच्याकडे समुद्राजवळ एखादी खोली मिळते का विचारायला गेले होते. तो म्हणाला, "कुडी सगळ्यो गोऱ्यांक दिल्यात. ही गाडी मात आसा. जाय जाल्यार व्हर." त्याने थट्टा केली होती. वडिलांनी ती मनावर घेतली. तिचे कागद व्हायला वर्ष गेलं, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

हौस म्हणून आणली असती तर सगळ्यात आधी मीच हसले असते. पण वडील खोली शोधत होते ती आईच्या श्वासासाठी.

आम्ही मूळचे सिंधुदुर्गातले. वडील लग्नानंतर खाणीवर आले आणि डिचोलीत बिऱ्हाड केलं. बिऱ्हाड हा शब्द मी मुद्दाम वापरते. वाड्यावरच्यांची ती घरं, आमचं ते बिऱ्हाड. माझा जन्म तिथला, शाळा तिथली, तरी 'बिऱ्हाडकरूंची चली', म्हणजे मुलगी, हे नाव काही सुटलं नाही. आमच्या खोलीसमोरून खाणीचा रस्ता जायचा. पावसाळा संपला की टिपर सुरू व्हायचे, एकामागून एक, आणि रस्त्यावरची लाल माती उठून घरात यायची. तुळशीची पानं लाल, मडक्यातल्या पाण्यावर लाल साय. धुतलेली साडी आई आतच दोरीवर वाळवायची, तरी पदर झटकला की मिरचीपूड उडाल्यासारखं व्हायचं. आम्ही बाकीचे शिंकून मोकळे होत असू. आईच्या मात्र ती छातीत बसली. दर वर्षी टिपर सुरू झाले की तिचं बोलणं तुकड्या तुकड्यांनी यायला लागे. दोन शब्द, मग श्वास, मग पुढचे दोन. पाऊस लागला, टिपर बंद झाले की ती पुन्हा सरळ बोलायची. तिच्या बोलण्यावरून खाण चालू आहे की बंद ते कळायचं.

म्हापशाच्या डॉक्टरांनी साफ सांगितलं, "औषधं मी देईन. पण हिला धुळीतून उचला. कोरडे महिने समुद्राकडे ठेवा. नाहीतर पुढच्या वर्षांची खात्री मी देत नाही."

परत येताना आम्ही बसमधून उतरलो. थांब्यावर समोरून एक टिपर गेला, आईने पदर नाकाला लावला. तेव्हा वडील म्हणाले, "माझ्याच चाकांची माती गो ही." आईने ऐकलं की नाही मला माहीत नाही. मी ऐकलं.

तिच्या माहेरी पाठवणं हा उपाय नव्हता. तिथे भावांच्या चुली वेगळ्या झाल्या होत्या, आणि भावजयीच्या दारात आजारी पडायला जाणारी ती बाई नव्हती. मी नुकतीच बी.ए. झाले होते, आमच्या सगळ्या गोतावळ्यात पहिली, आणि दिवाळीनंतर पेडण्याच्या बाजूला एका शाळेत शिकवायला जायचं नक्की झालं होतं. वडिलांनी हिशेब सोपा मांडला. गाडी हरमलला माडांखाली उभी करायची, मी आणि आई तिच्यात राहायचं, मी बसने शाळेत जायचं, ते रविवारी येणार, पाऊस आला की सगळे परत डिचोलीला.

आई ऐकून घेत बसली होती. मग म्हणाली, "मी येवचंय नाय."

"कित्या?"

"गाडयेत ऱ्हवतत... ते हिप्पी. नायतर... सर्कशीतली माणसां."

"अगो, आत फळ्ये मारतंय, चूल बसयतंय, सगळा करतंय."

"उंबरो खंय आसा?" आई म्हणाली. "उंबरो नाय... थंय शिजयला... ता वाटेवरचा शिजवणा. ता घर नाय."

आईने आयुष्यभर भाड्याच्या खोल्यांचे उंबरे पुजले. खोली मालकाची, भिंती मालकाच्या, पण रोज सकाळी उंबरा पुसून त्यावर हळदकुंकवाची बोटं ओढली की तेवढा वेळ ती जागा तिची व्हायची. उंबऱ्यावर बसलेलं तिला खपत नसे. लहानपणी आम्ही टेकलो की पाठीत धपाटा. "उंबऱ्यार बसतत काय? लक्ष्मी खंयसून येतली?" शिंकलं तरी उंबऱ्याच्या आत येऊन शिंकायचं. मी कॉलेजात तत्त्वज्ञानाचे पेपर दिले, पण घर कशाला म्हणावं याची इतकी सरळ व्याख्या मला कुठे मिळाली नव्हती.

"उंबरो बसयलो तर येशीत?" वडिलांनी विचारलं.

आई म्हणाली, "बगया."

तो गोवा राज्य झालं त्या वर्षीचा पावसाळा. खाण बंद, टिपर झाकून ठेवलेला, वडील घरी. खोलीशेजारी झावळ्या आणि टिपरची जुनी ताडपत्री घालून त्यांनी गाडीवर मांडव घातला. आम्ही दोघं आत शिरलो. आधी काढणं. भिजून फुगलेले प्लायवूड, बुरशी आलेल्या स्पंजच्या गाद्या, मेणबत्त्यांचे डाग, आणि छताला चिकटवलेले कागदी चंद्रतारे. खालचा पत्रा गंजून चाळणी झालेला. जुन्या टिपरच्या हौद्याचा पत्रा कापून वडिलांनी तो वेल्डिंग करून घेतला. इंजिन दुरुस्त करून देणारा म्हापशाचा गॅरेजवाला इतका जाड पत्रा बघून म्हणाला, यात आता तुम्ही खनिजही भरू शकता. छत वर उचललं जायचं, म्हणजे आत उभं राहता येई. त्याचं कापड फाटलेलं, तिथे ताडपत्री शिवली. शिवण माझी.

गंज खरवडायचं कामही माझं. येणारे जाणारे थांबून बघत.

"बी.ए. जावन गंज खरवडटा?" समोरच्या काकीने विचारलं.

"एम.ए.ला इंजिन उघडतलंय, काकी," मी म्हणाले.

उन्हाची एक उघडीप मिळाली तेव्हा रंगारी आला. कोकणी की मराठी या भाषेच्या भांडणात भिंतींवर दोन्ही बाजूंच्या घोषणा त्यानेच रंगवल्या होत्या. कुणी टोकलं तर म्हणायचा, "म्हजो ब्रश दोनूय उलयता." गाडीला त्याने फिका हिरवा रंग दिला आणि विचारलं, "वयर कितें बरोवं?"

"लिव, आमचा घर," वडील म्हणाले.

"आमचा नाही, आमचं घर," मी.

"आमचें घर," रंगारी म्हणाला. "एत आनी वयर तिबो." म्हणजे मात्रा, आणि तिच्यावर टिंब.

एका घराच्या दारात तिघांची तीन व्याकरणं. वर्षभर ज्याच्यावरून रस्ते अडवले, टायर जाळले, ते सगळं तिथे आमच्या गाडीच्या पत्र्यावर येऊन उभं राहिलं. रंगारी म्हणाला, "एत आसल्यार एकटे फातर मारतले, नासल्यार दुसरे. गाडी तुमची, काच तुमची. सांगात."

आई पायरीवर तांदूळ निवडत होती. पावसाळ्याचे दिवस, तिचा आवाज मोकळा होता. ती म्हणाली, "अजून घर झालाहा खंय? काय लिवू नकात." आणि ती जागा कोरीच राहिली. शेवटपर्यंत तिथे काही लिहिलं गेलं नाही.

उंबरा करायला वडिलांनी पेडण्याहून आपल्या ओळखीच्या मेस्ताला, म्हणजे सुताराला, आणलं. फणसाचं पिवळंधमक लाकूड. मेस्ताने ते तासून गुळगुळीत केलं, दोन टोकांना कमळं कोरली आणि दाराच्या तळाशी बोल्ट मारून असं घट्ट बसवलं की हत्तीने ओढलं तरी सुटू नये. वडिलांनी नारळ आणला. आईने उंबऱ्याला हळद लावली, कुंकू लावलं, फूल वाहिलं, अक्षता टाकल्या, नमस्कार केला. मग पदर खोचून ती पहिल्यांदाच, उजवा पाय आधी टाकून, गाडीत गेली. वडिलांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

"दार लावन दाखयतंय," ते म्हणाले आणि त्यांनी दार ओढलं.

दार अर्ध्यावर येऊन उंबऱ्यावर आदळलं.

त्या गाडीचं दार घरासारखं उघडत नाही, रुळावरून बाजूला सरकतं. आणि तो रूळ जिथे होता, नेमका त्याच्यावरच उंबरा बसला होता. इतके दिवस आम्ही ते दार सरकवतच होतो. पण उंबरा म्हटल्यावर तिघांच्याही डोळ्यांपुढे घराचं दार उभं राहिलं, बिजागरीचं, आत उघडणारं. चालत्या गाडीचं दार कुणालाच आठवलं नाही.

"अर्ध्या तासात काडटां," मेस्त पाना उचलत म्हणाला.

"हात लावचो नाय," आई आतून म्हणाली. "पुजलेलो उंबरो काढूक नाय."

झालं. उंबरा असेपर्यंत दार लागणार नाही, आणि उघड्या दाराची गाडी रस्त्यावर न्यायची कशी? उंबरा काढला तर आई येणार नाही. मेस्त निघून गेला. वडील दोनदा पाना हातात घेऊन उभे राहिले आणि दोन्ही वेळा ठेवून दिला. त्यात पाऊस ओसरायला लागला. खाणीवर टिपर धुऊन ठेवायचा निरोप आला. आई एका संध्याकाळी खोकली, तसा वडिलांनी जेवणाचा घास ताटात परत ठेवला. मी आईशी वाद घातला, रागावलेही. ती शांतपणे म्हणाली, "तू शिकलंस. तुका चलात. माका चलना नाय."

मार्ग निघाला तो तिच्याचकडून. सकाळी बाजारात किराणा दुकान उघडायची वाट बघत ती उभी होती. जुन्या दुकानांना दार नसतं, उभ्या फळ्या असतात. दुकानदार सकाळी त्या खाचेतून एकेक उचलून बाजूला ठेवतो, संध्याकाळी परत लावतो. ती घरी आली ती पिशवी खाली न ठेवताच बोलायला लागली. उंबरा काढायचा नाही. उंबरा उचलायचा. दोन्ही बाजूंना लोखंडाच्या खाचा करा. गाडी उभी राहिली की उंबरा खाचेत, गाडी निघाली की हातात.

"पण काढूक नाय म्हटलंस ना?" वडील म्हणाले.

"देव पालखयेत घालून न्हेतत तेवा देव काढतत काय? उचलतत. तसो मी उचलतलंय. दुसऱ्या कोणी हात लावचो नाय."

आणि तसंच झालं. उंबरा लावला की घर, उचलला की गाडी. कधी काय असायचं ते आई ठरवणार. मला आजही वाटतं, गाडीत राहायला ती तयार झाली ती उंबऱ्यामुळे नव्हे. त्याची ने-आण तिच्या हातात आली म्हणून.

दिवाळी झाल्यावर निघालो. परदेशी गाडी, तिचं स्टिअरिंग डाव्या बाजूला. म्हणजे आपल्याकडे जिथे ड्रायव्हर बसतो तिथे आई बसलेली, ठसठशीत कुंकू, नऊवारी, आणि मांडीवर फुलं वाहिलेला उंबरा. मी मागे भांडी धरून. कोलवाळच्या पुलावर समोरून वडिलांच्या ओळखीचा एक ट्रकवाला आला. त्याने डोळे फाडून बघितलं, बाईच्या हातात स्टिअरिंग नाही, लाकूड आहे. खिडकीतून अर्धा बाहेर येऊन तो ओरडला, "गो वयनी, सांबाळून गो! सुकाणू खंय तुजें?"

आईने उंबरा जरा उचलून त्याला दाखवला. मग आम्ही सगळे हसलो. आईचं हसणं पुढे खोकल्यात गेलं आणि पूल संपला तरी खोकला थांबला नाही. वडिलांनी वेग वाढवला.

हरमलला मालकाने माडांमधली सपाट जागा दिली. आई उतरली, चारी दिशांना बघितलं आणि म्हणाली, "दार... उगवतीक करा." वडिलांनी गाडी पुढे मागे घेऊन दार पूर्वेला केलं, गाडीची पाठ समुद्राला. आईने उंबरा खाचेत बसवला, पाणी शिंपडलं, स्टोव्हवर दूध उतू जाऊ दिलं. आतापर्यंत मालक लोक जिथे दार ठेवतील तिथून ती आली गेली होती. दार कुठे असावं हे तिला विचारणारं कुणी भेटलं नव्हतं. त्यामुळे दिशेचा वाद न घालता मी भांडी उतरवायला लागले.

धुळीपासून सुटल्यावर थोडा फरक पडला. पण थोडाच. दुपारी पत्रा तापायचा, समुद्राचा वारा गाडीच्या पाठीवर आपटून बाजूने निघून जायचा, आत कोंडायचं. समुद्राकडच्या बाजूला न उघडणारी टीचभर खिडकी, आईच्या भाषेत जनेल, आणि बाकी सगळं आमचं कपाट. तिचे शब्द अजून तुकड्यांनीच येत होते. रविवारी वडील आले, लाल शर्टातले, म्हणजे शर्ट पांढराच होता. आधी विहिरीवर अंघोळ, मग उंबऱ्याच्या आत, हा आईचा नियम. त्यांनी तिचं बोलणं ऐकलं आणि म्हणाले, "गाडी फिरवया काय? दार दर्याक करूया."

"नको. मावळतीक... दार... बरा नाय."

"डॉक्टर काय म्हणालो..."

"उगवतीक आसा... ता आसूंदे."

ते परत गेले तेव्हा त्यांची पाठ मला बघवेना. एवढी गाडी उभी केली, एवढा उंबरा केला, आणि तिच्या छातीतली माती होती तिथेच.

त्याच आठवड्यातली गोष्ट. शाळा सुटली, मी बसमधून उतरून माडांतून चालत आले आणि थबकले. घर उलटं झालं होतं. हिरव्या पत्र्याची कोरी बाजू माझ्याकडे, दार दिसेना. आजूबाजूच्या वाळूत ढीगभर पावलं. वळसा घालून समुद्राच्या बाजूला गेले.

दार सताड उघडं होतं आणि आई उंबऱ्यावर बसली होती. नीट, मांडी घालून, पाठ टेकून, पदर सोडून. केस वाऱ्याने उडत होते.

"आई, उंबऱ्यावर?"

"बसलंय," ती म्हणाली. "वारो हयसरच गावता. सकाळी रापणकार जाळा ओढून येय होते, वीसभर माणसां, तेंका म्हटलंय, बाबांनो, दर्यातसून एवढी जड रापण ओढतास, माझा घर जरा फिरवशात काय, तर ते हसाक लागले, म्हणाले मावशे घर कधी फिरता काय, मी म्हटलंय ह्या फिरता, मगे पयलो उंबरो उचलून मी माडाखाली नेवन ठेवलंय, तेंनी खांदे लायले आणि रापण ओढतत तशी आरड मारून एका दमात गाडी फिरवल्यानी, आणि एकान इचारल्यान उगवतीचा काय, तर मी सांगितलंय, उगवतीक जनेल आसा, देवाक तेवढा पुरता."

मी तिथेच वाळूत उभी. माझ्या खांद्याला वह्यांची पिशवी तशीच लटकत होती. सबंध गोष्ट तिने सांगितली आणि मधे कुठेच थांबली नव्हती.

मी उंबऱ्यावर तिच्या शेजारी टेकायला गेले. पाठीत धपाटा बसला.

"तू खंय बसतंस? पाय धुव, भुतूर ये. आणि बापाशीक निरोप धाड, दार ह्या बाजूक आसा म्हणान. नायतर येतलो आणि शोधीत ऱ्हवतलो."